कूलर बंद करा, बेबीताईंना टेबल परत द्या

अन्याय झाला तो बेबीताई भोयर यांच्यावर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे नंतर कुणी "गैरसमज झाला असेल" म्हणायला नको. गेल्या उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळचा चहा संपला होता आणि उष्टे कप अजून ट्रेमध्येच होते, तेव्हा. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये, छपाईच्या टेबलापाशी, सगळ्यांच्या देखत. केला तो उत्पादन व्यवस्थापक डेहनकर साहेबांनी. शब्द असे होते : "बाईचा हात बिघडला. आजपासून पॅकिंगमध्ये बसवा."

चौकशी झाली नाही. कारण विचारलं नाही. ज्या हातानं वर्षभर छापलं, तो एका रात्रीत कसा बिघडला, हा साधा प्रश्नसुद्धा कुणाला पडला नाही.

नोकरीच्या आठवणी निवृत्त माणसांनी लिहायच्या, असा दिवाळी अंकांचा रिवाज आहे. मला निवृत्त व्हायला फार वेळ आहे आणि वाट पाहायची सवय नाही. माझं लिखाणाचं शिक्षण पत्रकांवर झालं. वस्तीतलं पाणी, कॉलेजची फी, बसचा पास, जे हाती लागेल त्यावर मी पत्रक काढलेलं आहे. त्या पत्रकांचे मोठे फलक स्क्रीनवर, म्हणजे चौकटीत ताणलेल्या बारीक जाळीतून, छापून द्यायच्या बेबीताई. नागपुरात महाल भागातल्या एका गल्लीत त्या लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापायच्या आणि मधल्या वेळात आमच्या घोषणा. घोषणा वाचून शेरा मारल्याशिवाय त्यांनी कधी फलक दिला नाही. "अर्चे, 'धिक्कार असो' किती वेळा लिहिशीन वं? लाल शाई संपून राहिली माही."

पॉलिटेक्निक करून मी पोहरे सरांच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला लागले. सर शास्त्रज्ञ आहेत, बाहेर शिकून आले आणि हट्टानं हिंगण्यात शेड घेतली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "इथे हातानं चांगलं स्क्रीन प्रिंटिंग करणारं कुणी मिळेल का?" मी म्हटलं, "उद्या आणते." अशा बेबीताई आल्या. लग्नपत्रिका सोडून ट्रान्झिस्टर छापायला.

हो, छापायला. इथे जरा थांबून धंदा समजावून सांगते, कारण हे ऐकून आमच्या घरचेही पहिल्यांदा हसले होते.

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ. एका बाजूनं वीज येते, दुसऱ्या बाजूनं जाते, आणि मधली चकती फिरवली की धार सुरू किंवा बंद. मोबाइलमध्ये असे नळ अगणित असतात, ते काचेसारख्या कठीण तुकड्यावर महागड्या कारखान्यांत बनतात. आम्ही ते पातळ, लवचीक प्लास्टिकच्या तावावर शाईनं छापतो. आधी चांदीच्या शाईच्या बारीक रेघा, मग मधे वीज वाहू देणारा एक पट्टा, त्याच्यावर जेल, आणि जेलवर शाईचीच आणखी एक तार. या जेलचं नाव आयन जेल. पारदर्शक, दोऱ्यासारख्या लांब रेणूंच्या जाळ्यात अडकवलेलं पातळ मीठ, असं समजा. मीठ आहे पण खडा नाही, द्रव आहे पण उडून जात नाही आणि सांडतही नाही. बोटाला लागलं तर मेणचट लागतं.

हे जेल करतं काय? सरांनी मला आकृती काढून सांगितलं, मला कळलं नाही. मग मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. जेल म्हणजे भरलेलं मैदान. आयन म्हणजे मैदानातली माणसं, विखुरलेली, आपापल्या गप्पांत. वरच्या तारेला किंचित वीज दिली की घोषणा झाल्यासारखं होतं. एका जातीचे आयन सगळे खालच्या कुंपणाकडे धावतात आणि खांद्याला खांदा लावून उभे राहतात. त्यांच्या रेट्यानं कुंपणापलीकडच्या पट्ट्यातून वीज वाहायला लागते. घोषणा थांबली, लोक पांगले, वीज बंद. घोषणेला जोर किती लागतो? भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलएवढा. साध्या पद्धतीनं छापलेल्या नळांना याच्या कितीतरी पट वीज लागते. आमच्याकडे गर्दी कुंपणाला अगदी चिकटून उभी राहते, म्हणून एवढ्याशा आवाजात काम होतं.

हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अर्चना, परीक्षेत असं लिहू नकोस. पण बरोबर आहे."

जेलचा स्वभावही मला आवडतो. दिलदार आहे. थर थोडा जाड पडला, चालतो. वरची तार बरोबर मधोमध न बसता थोडी शेजारी सरकली, तरी चालतं. गर्दीला आवाज ऐकू आला म्हणजे झालं. म्हणूनच तर हातानं छापता येतं. बेबीताई रबराची पट्टी, जिला आम्ही स्क्वीजी म्हणतो, ती जाळीवरून एका दमात ओढायच्या आणि म्हणायच्या, "लग्नपत्रिकेत गणपतीची सोंड हलली त लोक पैसे देत नाही. हे जेल त लय समजदार आहे बाप्पा."

एकच गोष्ट त्याला खपत नाही. पाणी. हवेतला ओलावा ते हळूहळू पिऊन घेतं, आणि मग नळ नीट बंद होत नाही. चकती घट्ट फिरवली तरी धार गळत राहते. म्हणून पावसाळ्यात आम्ही खोली बंद करून ओलावा ओढणारं मशीन लावतो आणि भिंतीवर ओलाव्याचं मीटर टांगतो. पावसाळा सरला की मीटर कपाटात. होळी झाली की नागपुरात घरोघरी माळ्यावरून कूलर खाली उतरतो, आणि आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधी ते मीटर कपाटात गेलेलं असतं. कारण उन्हाळ्यात नागपूरच्या हवेत ओलावा शोधणार कुठे? इथे दोरीवर टाकलेला टॉवेल क्लिप लावेपर्यंत वाळतो. सर पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, "दुसरीकडे लोक कोरड्या हवेसाठी पैसे मोजतात. आम्हाला ती एप्रिल-मेमध्ये फुकट मिळते."

आता गिऱ्हाईक. नरखेडकडचे गावंडे काका. संत्र्याचा बगिचा मोठा आणि शेजारपाजारच्या बगिच्यांचा मालही तेच पॅक करून बाहेर पाठवणार. गाडी रस्त्यात उन्हात उभी राहते, पेट्या तापतात, माल खराब होतो, आणि गाडीवाला म्हणतो मी कुठेच थांबलो नाही. काकांना पेटीवर चिकटवायला एक असं लेबल हवं होतं, की पेटी तापली तर लेबलावरचा पांढरा ठिपका निळा पडावा आणि निळाच राहावा. म्हणजे गाडीवाल्याला तोंड उघडायला जागा नाही. हे काम आमच्या छापील नळांचं. गरम झालं की नळ उघडतो, वीज ठिपक्यात जाते, ठिपका रंगतो.

पहिल्या भेटीत काकांनी नमुना हातात घेतला, वाकवला, चुरगळला, पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि मोटरसायकलवर बसून चक्कर मारून आले.

"तुटलं नाई गा!" ते डेहनकर साहेबांना म्हणाले. "मी याच्यावर बसून आलो पूर्ण, तरी चालू आहे. आता हे सांगा, संत्रं याच्यावर बसलं त काही होते का?"

"संत्रं लेबलवर नाही बसणार काका, लेबल संत्र्याच्या पेटीवर बसेल."

"तुम्ही माह्या हमालाईले पाह्यलं नाई."

मला काका तेव्हाच आवडले. त्यांनी सांगितलं, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी येतो, माझ्यासमोर लेबलं लावून दाखवा, पसंत पडलं तर आंबिया बहाराची, म्हणजे पावसाळ्यानंतरची, तोड सुरू व्हायच्या आत सगळा माल घेतो. आमच्यासारख्या छोट्या शेडसाठी हे पहिलं खरं गिऱ्हाईक होतं.

आणि पाहुणा येणार म्हटल्यावर डेहनकर साहेबांमधला नागपूरकर जागा झाला. उन्हाळ्यात पाहुणा घामेजून बसला तर यजमानाची नाचक्की. त्यांनी एक भला मोठा लोखंडी कूलर आणवला, नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या, टाकीत पाणी भरलं आणि तो छपाईच्या खोलीत, जिथे ताव वाळायला ठेवतो त्या मांडणीशेजारी उभा केला. धूळ येऊ नये म्हणून खिडक्या बंदच असतात. कूलर सुरू झाला आणि खोलीत वाळ्याचा वास दरवळला. कुणी नको म्हटलं नाही. कसं म्हणणार? उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही काय भोगतो ते आम्हालाच ठाऊक. बेबीताई तर कूलरसमोर पदर पसरून उभ्या राहिल्या.

"साहेब, हजार वर्षं जगा बाप्पा!"

शिवाय कामही सोपं झालं. भर उन्हाळ्यात छपाईसाठी जेलमध्ये मिसळलेलं रसायन उडून जातं, जेल जाळीतच वाळतं आणि भोकं बुजतात, सारखी जाळी पुसावी लागते. कूलरच्या गारव्यात जाळी बुजेना. सगळ्यांना वाटलं, छपाई सुधारली. अक्षय तृतीयेच्या दिवशी आम्ही काकांसाठीची लेबलं अशा आनंदात छापली की काय सांगू. पुरणपोळीचे डबेसुद्धा त्याच खोलीत उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. चहा झाला. सरांनी लेबलांना सेल जोडले. सगळे टेबलाभोवती. काकांनी चष्मा लावला.

ठिपके निळे पडायला लागले. गार खोलीत, समोर वारा चालू असताना, एकामागून एक. पूर्ण ताव निळा.

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माही संत्री अजून झाडावर लिंबाएवढी आहे, अन् तुमचं लेबल म्हणून राहिलं का सडली!"

ते हसत हसत गेले, "पाहा बावा काय झालं त, मी अजून एक डाव येतो," असंही म्हणाले. पण गेले. आणि ते गेटबाहेर पडल्या पडल्या डेहनकर साहेबांनी ते वाक्य उच्चारलं, जे मी वर नोंदवलं आहे.

  बेबीताईंनी एकही शेरा न मारता स्क्वीजी पुसून जागेवर ठेवली, ॲप्रन काढला, घडी घातली आणि गेल्या. मी भांडले. डेहनकर साहेब म्हणाले, "अर्चना, ही सभा नाही. छपाई खराब आली, छापणारा बदलला. साधी गोष्ट आहे." पोहरे सर शेजारी उभे होते. त्यांनी फक्त निळ्या तावाकडे पाहिलं. सरांचा मला तेव्हा जो राग आला तो अजून पूर्ण गेलेला नाही, आणि हे त्यांना माहीत आहे.

यापुढचा भाग लिहिताना मला मजा येते, कारण बेबीताईंच्या जागी छापायला उभे राहिले स्वतः डेहनकर साहेब.

बाह्या सरसावून. पहिल्या दिवशी त्यांनी जेल स्वतःच्या चष्म्यावर उडवलं. दुसऱ्या दिवशी ताव उलटा ठेवला. तिसऱ्या दिवशी मात्र हात बसला, छपाई स्वच्छ यायला लागली, आणि तरी ठिपके निळेच. माझ्या तपासणीत नळामागून नळ गळका. साहेब म्हणाले, बाईनं स्क्रीन बिघडवून ठेवली. नवी स्क्रीन आली, नळ गळकेच. मग म्हणाले, जेलची बाटली जुनी. सरांनी ताजं जेल केलं. तेही गळकं. म्हणजे हात बदलला, स्क्रीन बदलली, जेल बदललं, तरी शिक्षा मात्र बेबीताईंचीच चालू!

एक विचित्र गोष्ट मला दिसत होती. सकाळी छापलेले ताव वाईट, दुपार उलटल्यावर छापलेले चांगले. मी साहेबांना दाखवलं. ते खुश झाले. "बघ, हात गरम व्हायला वेळ लागतो. सकाळी थंड असतो."

"साहेब, मे महिन्यात?"

"तू तुझ्या तपासणीच्या सुया सांभाळ."

पॅकिंगच्या कोपऱ्यात बेबीताईंचा आवाज तोवर परत आला होता. तयार लेबलं त्या कागदी लिफाफ्यांत भरायच्या, लिफाफ्यांच्या तोंडाला वाळलेला गोंद असतो, ओला हात फिरवून बंद करायचा. त्यांचं टेबल छपाईच्या खोलीच्या दाराशी होतं. एका सकाळी मी जेवणाचा डबा ठेवायला गेले तर त्या लिफाफ्यांना शिव्या देत होत्या.

"पाह्य वं अर्चे, हे लिफाफेबी माह्या विरोधात गेले! मी भरल्याच्या आधीच तोंड बंद करून बसून राहिले. उघडाले जाते त फाटून राहिले."

"सगळे?"

"नाई ना, हे दाराजवळचेच. तिकडचे बरे आहे. अन् रोज सकाळीच नाटकं यांची. दुपारून सुधरते."

मी लिफाफा हातात घेतला. गोंद ओला होता. मे महिन्यात, हिंगण्यात, जिथे टॉवेल क्लिप लावेपर्यंत वाळतो, तिथे कुणी हात न लावता गोंद ओला. मी दारातून आत पाहिलं. समोर कूलर घरघरत होता. सकाळी त्याची टाकी भरतात. उन्हाळ्यात वसाहतीत पाणी बेताचं, म्हणून दुसऱ्यांदा भरत नाहीत. दुपारी टाकी कोरडी, ताट्या कोरड्या, कूलर नुसता गरम वारा फेकतो. दुपारी ताव चांगले.

मी बेबीताईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. मग आम्ही दोघी एकदम हसायला लागलो, इतक्या की शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं वं, लॉटरी लागली का?"

कपाटातून मीटर काढलं आणि वाळण्याच्या मांडणीवर ठेवलं. काटा भर श्रावणात असतो तिथे जाऊन उभा राहिला. आम्ही सगळे, शिकलेले आणि न शिकलेले, उन्हाळ्यात नागपुरात ओलावा नसतो हे पाठ करून बसलो होतो, आणि पाहुण्याच्या कौतुकात आमच्याच हातानं खोलीत पावसाळा भरून ठेवला होता. ही चूक मुंबईत झाली नसती. तिथे मीटर कपाटात जातच नाही. ही चूक करायला कूलरवर जीव असावा लागतो.

शहाण्या माणसानं सरांच्या केबिनमध्ये जाऊन हे शांतपणे सांगितलं असतं. पण केबिनमध्ये सांगितलेली गोष्ट केबिनमध्येच राहते, हे मला माहीत होतं. बेबीताईंना टेबलावरून उठवलं होतं सगळ्यांसमोर. म्हणून मी पत्रक काढलं. पॅकिंगच्या टेबलावर बेबीताईंनी जुनी स्क्रीन लावून ते छापलं. जेवणाच्या सुट्टीत, चांदीच्या शाईला हात न लावता, घरून आणलेल्या लाल रंगात. त्यावर दोनच ओळी होत्या : "कूलर बंद करा. बेबीताईंना टेबल परत द्या."

मी आजवर पाण्यासाठी भांडले, विजेसाठी भांडले. पण भर मे महिन्यात कूलर बंद करा म्हणून नागपुरात आंदोलन करणारी माझ्याआधी कुणी झाली असेल असं वाटत नाही. पत्रक पाण्याच्या माठाजवळ चिकटवलं आणि अर्ध्या तासात अख्खी शेड माझ्या अंगावर आली.

"काहून वं, तुले ऊन लागलं का?"

"आमच्या तोंडचा वारा काढतं का तू?"

"आधी मागण्या कराले शिकवलं, आता उलट्या मागण्या करून राहिली!"

शेजारच्या शेडमधले दोघे तर खास पत्रक वाचायला आले. एकानं फोटो काढला. दुसरा म्हणाला, "तुमचा कूलर नको असन त आमच्याकडे द्या. आम्ही घोषणाबी देऊ, 'कूलर जिंदाबाद'."

बेबीताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ऐका बाप्पा. मले का गरम होत नाई? पण मी जे छापलं ते बराबर छापलं, हे मले सिद्ध कराचं आहे. एक सकाळ द्या. एकच. घाम माहा येईन, तुमचा नाई."



पोहरे सर केबिनमधून बाहेर आले होते. पत्रक वाचलं, मीटर पाहिलं, कूलर पाहिला, कपाळावर हात मारला. मग ते हसले, आणि त्या हसण्यात शरम होती, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवते. "उद्या सकाळी," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. आधी कूलर लावून, मग खोली कोरडी करून कूलर बंद. दोन्ही ताव बेबीताई छापतील."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे हजर. कंपनीची बस नेहमी उशिरा येते, त्या दिवशी वेळेआधी आली. सरांनी फोन केला असावा, कारण गावंडे काकाही मोटरसायकलवर हजर, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून. "मी त त्या दिवशी कूलरले नमस्कार करून गेलतो," ते म्हणाले. "त्याच्यावरच आरोप आहे का आता? त्याचा वकील कोण?"

"डेहनकर साहेब," मी म्हटलं. साहेबसुद्धा हसले. नाइलाजानं का होईना.

पहिला ताव कूलरसमोर. बेबीताईंनी पट्टी ओढली, एक दम, एक आवाज. ताव वाळवायच्या भट्टीत, मग मांडणीवर, मग पुढचे थर, मग ओलावा आतच कोंडणारं झाकण. कूलर बंद केला. तो बाहेर ढकलून नेला, दारं-खिडक्या उघडून दिल्या. तोवर ऊन चढलं होतं. बाहेरची गरम लू आली तशी खोलीतली श्रावणाची हवा वाऱ्यावर निघून गेली. मीटरचा काटा खाली खाली आला. पुन्हा दारं बंद. आता खोली भट्टी झाली. दुसरा ताव. जाळी बुजायला लागली, बेबीताई पुसत होत्या, ओढत होत्या, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, भुवईवर घाम आला की मान मागे. तावावर एक थेंब पडला तर सगळंच वाया. मी त्यांच्या कपाळाला रुमाल लावत उभी.  डेहनकर साहेबांनी, कुणी न सांगता, जाळी पुसायचं फडकं हातात घेतलं आणि ते देत राहिले.

दोन्ही ताव टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सरांनी सेल जोडले.

डावा ताव निळा पडायला लागला. ठिपक्यामागून ठिपका. उजवा पांढरा. आम्ही थांबलो. पांढराच. काकांनी वाकून नाक लावलं. पांढरा. मग त्यांनी उजवा ताव उचलला, उन्हात तापलेल्या मोटरसायकलच्या टाकीवर टेकवला, आणि तिथे, जिथे निळं पडायला हवं होतं तिथे, ठिपके निळे झाले.

"आता बोलला हा!" काका ओरडले. "आता खरं बोलला!"

अख्खी शेड ओरडली. टाळ्या, शिट्ट्या. "बेबीताईचा विजय असो" ही घोषणा मी दिलेली नाही. ती त्यांनी दिली, ज्यांनी आदल्या दिवशी मला ऊन लागलं म्हटलं होतं. बेबीताई टॉवेलनं तोंड पुसत होत्या आणि त्यातलं सगळंच पाणी घामाचं नव्हतं.

डेहनकर साहेब म्हणाले, "ताई, जरा केबिनमध्ये या, बोलू."

मी तोंड उघडणार तोच बेबीताई बोलल्या. "नाई साहेब. जिथं उठवलं तिथंच बोला. सारे आहेच इथं."

साहेब त्याच टेबलापाशी येऊन उभे राहिले. मग बोलले, आणि पुरेशा मोठ्यानं बोलले. "हाताचा दोष नव्हता. न तपासता बोललो. चुकलं माझं." बेबीताईंनी ॲप्रन घातला. "छापता बराबर तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण चष्मा काढून ठेवत जा." पोहरे सर पुढे आले आणि म्हणाले, की त्या सकाळी गप्प राहिलो, तेही चुकलंच. ते लिहून ठेवण्यासारखं होतं म्हणून इथे लिहिलं.

काकांचा माल आंबियाच्या तोडीआधी गेला. सगळाच्या सगळा बेबीताईंच्या हातचा.

आता एक बोचरी गोष्ट. कूलर गेला, मग गरमीचं काय? मी कामाला लागल्यापासून छपाईच्या खोलीसाठी एसी मागत होते. माणसं भाजतात म्हणून. उत्तर ठरलेलं : "बघू." आता सरांनी हिशेब मांडला, एसी हवा गार करतो आणि ओलावाही काढून टाकतो. म्हणजे जेलला उत्तम. पुढच्याच आठवड्यात एसी लागला. माणसांसाठी मागितला तेव्हा बघू, जेलसाठी मागितला तेव्हा टेम्पोच दारात. त्या थंड खोलीत आम्ही आनंदानं काम करतो, खोटं कशाला बोलू. बेबीताई तर जेलच्या बाटलीला सकाळी नमस्कार करतात. "माय, तुह्या पुण्याईनं." मी हसते आणि मला रागही येतो, दोन्ही एकाच वेळी. पॅकिंगमध्ये अजून पंखाच आहे. त्याचं पत्रक तयार आहे.

कूलरवर माझा राग नाही. तो आता गेटवरच्या चौकीदाराकडे आहे आणि उत्तम चालतो. राग आहे तो त्या वाक्यावर. हात बिघडला, म्हणून उठवा. आमच्याकडे निळा ठिपका होता, तो सगळ्यांना दिसला, म्हणून बेबीताई परत आल्या. जिथे ठिपका दिसत नाही तिथे माणूस कोपऱ्यात बसतो आणि तिथेच राहतो.

म्हणून वाचकांकडे मागणी आहे, आणि ती मी विनंती म्हणून करत नाही. तुमच्या दुकानात, ऑफिसात, शाळेत, कारखान्यात, गेल्या काही महिन्यांत कुणाला तरी "याच्याकडून होत नाही" म्हणून जागेवरून उठवलं असेल. तुम्ही तिथे होतात. तुम्हाला नाव आठवतंय. उद्या कामावर जा, ज्यांनी उठवलं त्यांच्यासमोर उभे राहा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा : तपासलं होतं का? उत्तर मिळेपर्यंत हलू नका.